मांडीचं हाड, मार्गारेट मीड आणि दात पडलेला म्हातारा

तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असणारच. मार्गारेट मीड नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना म्हणे कुणीतरी विचारलं की माणसाच्या संस्कृतीची पहिली खूण कोणती, विचारणाऱ्याला वाटलं बाई मडकं म्हणतील, दगडाचं हत्यार म्हणतील, तर बाई म्हणाल्या मोडून पुन्हा जुळलेलं मांडीचं हाड. कारण जंगलात पाय मोडला की प्राण्याचं काही खरं नसतं, पाण्यापर्यंत जाता येत नाही, पळता येत नाही, कुणीतरी येऊन फाडून खातं. म्हणजे हाड जुळलं याचा अर्थ कुणीतरी त्या जखमी माणसापाशी थांबलं, त्याला खाऊपिऊ घातलं. खाली हात जोडलेले इमोजी आणि पुढे पाठवायची विनंती. कोरोनात हा आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता धुमाकूळ घालत होता आणि अजूनही घरात कुणाचं ऑपरेशन झालं की आमचे एक काका तो न चुकता टाकतात.

गोष्ट गोड आहे, वाद नाही. पण मीडबाईंनी असं कुठे लिहून ठेवलंय याचा पत्ता लागत नाही. बाई वारल्या १९७८ साली आणि ही गोष्ट छापलेली दिसते ती त्यांच्यानंतर, दुसऱ्यांच्या पुस्तकांत, ऐकीव म्हणून. उलट एका मुलाखतीत त्यांना हाच प्रश्न विचारला होता तेव्हा त्यांनी मोठी शहरं, कामाची वाटणी, नोंदी ठेवायची पद्धत असं अगदी पुस्तकी उत्तर दिलं होतं. ते कोण फॉरवर्ड करणार!

आणि मुळात प्राण्यांची हाडं जुळत नाहीत हेच खोटं आहे. गिबन माकडं झाडावरून पडतात, हातपाय मोडून घेतात, आणि रानातल्या गिबनांचे सांगाडे तपासले तेव्हा साधारण तीनातल्या एकाच्या अंगावर जुनं, जुळून गेलेलं फ्रॅक्चर निघालं. त्यांची शुश्रूषा कुणी केली नव्हती, फांदीला लटकून कसंबसं निभावलं असणार. म्हणजे नुसतं जुळलेलं हाड दाखवून काहीच सिद्ध होत नाही.

पण त्या फॉरवर्डच्या निमित्ताने मी वाचायला लागले आणि सुटलेच. कारण खरे पुरावे आहेत, आणि ते त्या बनावट किश्श्यापेक्षा कितीतरी भारी आहेत, फक्त इतके गुळगुळीत नाहीत. शाळेत आपल्याला आदिमानव म्हणजे जेमतेम दोन पानं, केस वाढलेला एक बाप्या, खांद्यावर दांडकं, मागे गुहा, गुहेच्या तोंडाशी शेकोटी आणि शेकोटीजवळ पोर घेऊन बसलेली बाई. जुना अश्मयुग नवा अश्मयुग फरक स्पष्ट करा, चार मार्क. त्या चित्रात म्हातारं माणूस कधीच नसायचं हे मला इतक्या वर्षांनी जाणवलं. लंगडं, आंधळं, आजारी कुणी नाही. सगळे धडधाकट आणि कामावर.

तर म्हाताऱ्यापासूनच सुरू करते.

जॉर्जिया देशात, म्हणजे पूर्वीच्या सोव्हिएतमधल्या, द्मानिसी नावाचं गाव आहे. तिथे लोक खरं तर मध्ययुगीन शहराचे अवशेष खणत होते आणि खणता खणता गेंड्याचे अवशेष लागले, मग दगडी हत्यारं, मग १९९१ मध्ये माणसाचा जबडा. आपल्या होमो सेपियन्स जातीचा नाही, त्याच्या फार आधीच्या माणसाचा, साधारण १७-१८ लाख वर्षांपूर्वीचा. आफ्रिकेबाहेर इतके जुने आणि इतके चांगले मानवी सांगाडे दुसरीकडे नाहीत. मेंदू आपल्या निम्म्याच्या आसपास, उंची पाच फुटांच्या अलीकडे पलीकडे, हत्यारं म्हणाल तर दगडावर दगड आपटून काढलेले धारदार तुकडे. आजूबाजूला सुळे वाढलेले मोठे मोठे वाघासारखे प्राणी.

तिथल्या एका कवटीला आणि तिच्या जबड्याला दातच नव्हते. एक सुळा सोडला तर सगळे पडलेले, आणि मेल्यानंतर पडलेले नव्हेत. हे कसं कळतं ते फार सुंदर आहे. दात मेल्यानंतर गळला तर त्याची खोबण तशीच रिकामी राहते, माणूस जिवंत असताना पडला तर शरीर ती खोबण हाडाने भरून टाकतं, हिरडीखालचं हाड झिजून सपाट होतं, कवळी लावणाऱ्या कुठल्याही आजोबांच्या एक्सरेत हेच दिसतं. या माणसाचा जबडा तसा सपाट झालेला होता, म्हणजे दात गेल्यावरही तो गडी बराच काळ, निदान काही वर्षं, जगला.

आता १८ लाख वर्षांपूर्वी थंडीच्या मुलखात बिनदातांचा माणूस खाणार काय? भाकरी दुधात कुस्करायची सोय नाही. कच्चं मांस, मुळं, कंद. इथे दोन मतं आहेत. शोध लावणाऱ्यांचं म्हणणं की बाकीच्यांनी त्याला सांभाळलं असावं, मऊ भाग दिले असतील, हाडातली मज्जा, मेंदू, कुटलेलं मांस. दुसरे म्हणतात थांबा जरा, दात गेलेले चिंपांझीसुद्धा जगताना दिसलेत, आणि हातात दगड असेल तर माणूस स्वतःचं स्वतः कुटून खाईल की. मला दुसरं मत चुकीचं वाटत नाही, उलट ते वाचून बरं वाटलं, कारण आपल्याला हवी तीच गोष्ट हाडातून काढायचा मोह फार मोठा असतो. पण दगडाने कुटून खायचं म्हटलं तरी आधी मांस मिळायला हवं ना, ते म्हाताऱ्याने एकट्याने आणलं नसणार. इतपत मी मानायला तयार आहे.

त्या मोहाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे इराकी कुर्दिस्तानातली शानिदार गुहा. राल्फ सोलेकी या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९५३ ते १९६० दरम्यान तिथे निअँडरथल माणसांचे, म्हणजे आपल्या जवळच्या पण आता नामशेष झालेल्या मानवजातीचे, सांगाडे काढले. त्यातल्या एकाच्या भोवतीच्या मातीत फुलांचे परागकण सापडले आणि झालं, फुलं वाहून निरोप दिला वगैरे जगभर छापून आलं, निअँडरथल एका रात्रीत जंगली दांडगटाचे हळवे कवी झाले. नंतर लक्षात आलं की त्या मातीत बिळं करणारे उंदरासारखे प्राणी आहेत जे फुलं ओढून नेतात, मातीत घरटं करणाऱ्या मधमाश्याही आहेत, त्यामुळे पराग तिथे जायला अंत्यविधीच लागतो असं नाही. वाद अजून मिटलेला नाही पण ती फुलांची गोष्ट आता कुणी छातीठोक सांगत नाही.

गंमत म्हणजे त्याच गुहेतला दुसरा एक सांगाडा, शानिदार १, फुलाबिलांशिवाय जास्त सांगून जातो आणि त्याला बातम्यांत एवढी जागा मिळाली नाही. हा पुरुष चाळिशीच्या पुढे जगला, त्या काळात म्हणजे म्हाताराच. तरुणपणी कधीतरी चेहऱ्याच्या डाव्या बाजूला जबरदस्त मार बसलेला, त्या डोळ्याने बहुतेक दिसत नसावं. उजवा हात वाळून गेलेला आणि कोपराच्या वर तुटलेला. पायाने लंगडा. कानाच्या नळीत हाड वाढलेलं, म्हणजे ऐकूही नीट येत नसणार. आणि हे सगळं झाल्यावर तो बरीच वर्षं जगला, कारण या सगळ्या जखमा भरलेल्या आहेत. एका डोळ्याचा, एका हाताचा, लंगडा, बहिरा माणूस, पन्नासेक हजार वर्षांपूर्वी, ज्या डोंगरात हिंस्र जनावरं होती तिथे. गिबनवालं स्पष्टीकरण इथे मला तरी पुरत नाही. एक हाड जुळणं वेगळं आणि असं आयुष्य काढणं वेगळं.

बोर्निओ बेटावरची गोष्ट तर माझ्या डॉक्टर मैत्रिणीला सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा खोटं म्हणाली. इंडोनेशियाच्या पूर्व कालिमंतानमध्ये लियांग तेबो नावाची गुहा आहे, तिथे २०२० मध्ये साधारण ३१ हजार वर्षांपूर्वीचा एक सांगाडा मिळाला, विशीतलं माणूस, आणि डावा पाय पोटरीच्या खालून नाहीच. मगरीने तोडला असता किंवा दरडीखाली चिरडला असता तर हाडाचं टोक चिरफाळलेलं असतं, इथे ते तिरकं, स्वच्छ कापलेलं आणि नंतर गोल भरून आलेलं. पाय लहानपणीच कापला आणि त्यानंतर ते पोर सहा ते नऊ वर्षं जगलं. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, त्याआधी सगळ्यात जुनी माहीत असलेली अशी शस्त्रक्रिया फ्रान्समधली सात हजार वर्षांपूर्वीची होती, शेती करणाऱ्या लोकांची. म्हणजे भटके शिकारी लोक असं काही करूच शकत नाहीत हे जे गृहीत होतं ते एका पायाने मोडलं. रक्त थांबवायचं, जखम सडू द्यायची नाही, विषुववृत्तावरच्या दमट हवेत! मैत्रीण म्हणाली ऑपरेशन जमेल गं एकवेळ, नंतरचं ड्रेसिंग कुणी केलं ते सांग.

आणि हा नंतरचा भागच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या फॉरवर्डमध्ये कुणीतरी एक दयाळू माणूस थांबतो आणि गोष्ट संपते. सांगाड्यांत दिसतं ते असं एका क्षणाचं नाहीये, ते रोजचं आहे. याचं सगळ्यात पक्कं उदाहरण व्हिएतनामच्या उत्तरेला मान बाक इथलं. तिथे २००७ मध्ये एक दफन सापडलं, साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं, बाकी सगळे प्रेतं सरळ झोपवलेली आणि हा एकटा अंग आक्रसून कुशीवर. जन्मतःच मणके जुळलेले, त्यातून पुढे वयात यायच्या सुमाराला कमरेखालचं सगळं लुळं पडलं, हात पण जेमतेम. हाडं काटकुळी, वापर नसल्यामुळे झिजलेली. तसा तो आणखी दहाएक वर्षं जगला. लॉर्ना टिली या ऑस्ट्रेलियातल्या संशोधक बाईंनी त्याच्यावरून एक अख्खी पद्धतच बसवली, म्हणजे आधी आजार ओळखायचा, मग या आजाराच्या माणसाला रोज काय काय लागेल याची यादी करायची, आणि मग म्हणायचं की हे सगळं कुणीतरी केलेलं आहे.

ती यादी डोळ्यांसमोर आणून बघा. भरवणं. पाणी. शी-शू काढणं, पुसणं, कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होऊन त्यातच माणूस जातो. उचलून उन्हात नेणं, पाऊस आला की आत आणणं. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. हे दहा वर्षं, गाव मासेमारी, शिकार आणि थोडीफार डुकरं यावर चालणारं, धातू नाही, आणि एकाच माणसाने हे केलं असणं अशक्य, पाळ्या लागल्या असणार, चिडचिडही झाली असणार. मला ती चिडचिड महत्त्वाची वाटते. प्रेमाने केलं की कर्तव्य म्हणून की दुसरा इलाज नव्हता म्हणून, हाडाला ते माहीत नसतं.

आता प्रश्न असा की हे लोक असं का करायचे. आपण लगेच माणुसकी म्हणतो आणि मोकळे होतो. मला वाचता वाचता जे पटलं ते थोडं वेगळं आहे: त्या काळात एकट्याने जगणं हा पर्यायच नव्हता, त्यामुळे सांभाळणं हे चांगुलपणाचं काम नसून जगण्याची पद्धतच ती होती.

माणसाचं पोर बघा. चिंपांझीची आई एका पिल्लामागून दुसरं पिल्लू व्हायला पाचसहा वर्षं घेते आणि तान्हं पिल्लू महिनोन्‌महिने दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. माणसाची बाई, भटक्या समाजातलीसुद्धा, तीन-चार वर्षांत दुसऱ्या खेपेला तयार, आणि पहिलं पोर अजून स्वतःचं स्वतः खाऊ शकत नाही. हे गणित आई एकटीच्या जिवावर बसतच नाही. टांझानियात एयासी तळ्याच्या आसपास हाड्झा नावाचे लोक आहेत, अजूनही त्यातले काही शिकार आणि कंदमुळांवर राहतात. क्रिस्टन हॉक्स आणि सहकारी १९८० च्या दशकात त्यांच्यात राहून कोण किती अन्न आणतं हे मोजत होते, तर सगळ्यात जास्त वेळ खणणाऱ्या निघाल्या साठीच्या पुढच्या आज्या. खडकाळ जमिनीतून काठीने कंद उकरून काढायचे, लहान पोरांना ते झेपत नाही, आणि आईच्या अंगावर नवं तान्हं असेल तेव्हा आधीच्या मुलाचं वजन वाढतंय की घटतंय हे आजी किती खणते यावर ठरायचं. यातूनच तो आजी सिद्धांत आला, की बाईची पाळी गेल्यावरही ती इतकी वर्षं जगते याचं कारण ही नातवंडं असावीत. त्यावर आक्षेप आहेत, सगळ्यांना मान्य नाही. पण शाळेच्या त्या चित्रात दांडकंवाल्या बाप्याच्या जागी काठी घेऊन उकिडवी बसलेली आजी काढली असती तर चित्र नक्कीच जास्त खरं झालं असतं.

(बाप्यांनी रागावू नये, मांसही लागायचंच. फक्त शिकार रोज मिळत नाही, कंद मिळतात.)

पोरांच्या खुणाही सापडतात आणि त्या वाचताना मी ऑफिसात चक्क हसले होते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये व्हाइट सँड्स इथे जुन्या तळ्याच्या चिखलात दहा हजार वर्षांहून जुन्या पावलांची एक रांग आहे, जवळजवळ दीड किलोमीटर, सरळसोट आणि घाईघाईने चालल्यासारखी. बाई असावी किंवा वयात येणारं पोर. मध्ये मध्ये तिच्या पावलांशेजारी अगदी चिमुकली पावलं उमटलेली, मग पुन्हा गायब, म्हणजे कडेवरचं मूल थोडं खाली ठेवलं, हात बदलला, परत उचललं. कडेवर ओझं असल्यामुळे एका बाजूचं पाऊल जरा वेगळं पडतं, तेही दिसतं. परत येताना तीच वाट, पण मूल नाही, कुठेतरी पोचवून आली. तिच्या जाण्यायेण्याच्या मधल्या वेळात एक मॅमथ (हत्तीचा नामशेष भाऊबंद) आणि एक प्रचंड मोठा स्लॉथ (लांब नखांचा केसाळ प्राणी, तोही आता नामशेष) ती वाट ओलांडून गेले. मॅमथने ढुंकूनही पाहिलं नाही, स्लॉथ मात्र मागच्या पायांवर उभा राहून हुंगत बसला, त्याच्या पायांचा सगळा घोळ तिथे उमटलाय.

आणि फ्रान्समध्ये रूफिन्याक गुहेच्या छतावर ओल्या मातीत बोटं फिरवून काढलेल्या रेघा आहेत, बोटांच्या रुंदीवरून कळलं की त्यात तीन ते सात वर्षांची पोरं होती, सगळ्यात उत्साही म्हणजे पाचेक वर्षांची एक मुलगी. तिचा हात छताला पुरणार कसा, कुणीतरी खांद्यावर घेतलं असणार. कुठल्या विधीसाठी काढल्या, त्यांचा अर्थ काय, यावर पानंच्या पानं लिहिलीत. मला विचाराल तर पोरीने हट्ट केला.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की आदिमानव म्हणजे संतमंडळी. तर सुदानमधल्या जेबेल सहाबाचं वाचा. आस्वानचं मोठं धरण होणार म्हणून १९६० च्या दशकात घाईने उत्खनन केलं तेव्हा तिथे निदान १३,४०० वर्षांपूर्वीचं दफनस्थान मिळालं, ६१ माणसं. २०२१ मध्ये नव्याने सगळी हाडं तपासली तर दोन तृतीयांश लोकांच्या अंगावर मारामारीच्या वगैरे खुणा, बाया, बाप्ये, पोरं सगळ्यांवर, हाडात रुतलेले दगडी बाणांचे तुकडे. आणि बघा, इथेही जुळलेली हाडं आहेत, म्हणजे एकदा मार खाऊन बरे झाले आणि मग पुन्हा कधीतरी मार बसला. एका लढाईत सगळे गेले असं नाही, वर्षानुवर्षं हल्ले चालू होते, नाईलचं पाणी आणि हवामान बिघडल्यामुळे जागेवरून भांडणं असावीत असा अंदाज आहे. शुश्रूषा करणारे हात आणि बाण मारणारे हात एकाच माणसांचे असायला काहीच हरकत नाही, फक्त शुश्रूषा आपल्यातल्यांची आणि बाण पलीकडच्यांना.

आपल्यातलं कोण हे तरी रक्ताने ठरायचं का? रशियात सुंगीर इथे ३४ हजार वर्षांपूर्वी दोन मुलगे डोक्याला डोकं लावून पुरलेले आहेत, अंगावर मॅमथच्या सुळ्याचे साधारण दहा हजार मणी, एवढे मणी करायला हजारो तास लागतील. एकाच्या मांडीची हाडं जन्मापासून आखूड आणि वाकलेली, दुसऱ्याचाही चेहरा थोडा बिघडलेला. सगळे त्यांना भावंडं समजत होते. डीएनए काढला तर जवळचं नातं निघालंच नाही.

आता हे सगळं दूरदूरचं झालं, आणि माझं मन अडकलंय ते घरापासून जवळच्या ठिकाणी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात. पुणेकरांनो, घोड नदीच्या काठी, नगर रोडने गेलात तर दोनेक तास. तिथली माणसं अर्थातच पहिली माणसं नव्हेत, महाराष्ट्रात त्यांच्या लाखो वर्षं आधीपासून माणूस आहे. पण गाव करून, भिंती घालून, सातू पेरून राहणारे आपल्याकडचे सगळ्यात जुने शेतकरी जे माहीत आहेत त्यात ही मंडळी येतात, साधारण इसवी सन पूर्व १६०० ते ७००. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे खणलं, सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. शंभराहून जास्त घरं निघाली, नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट निघाला, लाल भांड्यांवर काळी नक्षी आणि तोटीचे ते सुंदर जोर्वे चंबू (जोर्वे गावावरून त्या भांड्यांना हे नाव) निघाले.

आणि दफनं निघाली, घरांच्या जमिनीखाली. अंगणापरसात सुद्धा, पण मुख्य म्हणजे राहत्या घरात. त्यातली बहुतेक लहान मुलांची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि मूल त्यांच्या आत. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून सरळ झोपवायचे आणि घोट्याखालची पावलं तोडून टाकायचे. मेलेलं माणूस उठून चालत जाऊ नये, घरातच राहावं म्हणून, असं ढवळीकरांसारख्या अभ्यासकांचं स्पष्टीकरण. काहींना ते भुताच्या भीतीने वाटतं. मला दोन्ही एकदम खरं असू शकतं असं वाटतं, आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल माया आणि धास्ती एकत्रच असतात, पितृपक्षात पानावर कावळा येईपर्यंत घरातल्यांचे चेहरे बघा.

फक्त एक माणूस वेगळा. गावातल्या मोठ्या, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, शेजारी धान्याचं कोठार, तिथे चार पायांचा एक मातीचा रांजण आणि त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष, पावलं शाबूत. हा गावचा प्रमुख असावा असं म्हणतात. म्हणजे इथवर येईपर्यंत माणसामाणसात फरक पडायला लागला होता, कोणाचे पाय तोडायचे आणि कोणाचे नाहीत हे ठरत होतं, आणि धान्य कुणाच्या अंगणात साठणार हेही.

पुढे काय झालं तेही हाडांतच आहे. इसवी सन पूर्व १००० च्या नंतर गावाची कळा उतरली, पाऊसपाणी कमी झालं असं मानतात. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शेळ्यामेंढ्या आणि हरणांची शिकार वाढली. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच यांनी या सांगाड्यांचा पाया घातल्यासारखा अभ्यास करून ठेवला होता, त्यावर पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या बाईंनी मुलांची हाडं परत तपासली, वय दातांवरून काढायचं आणि हाड त्या वयाला शोभेल एवढं वाढलंय का ते मोजायचं. या शेवटच्या काळातली मुलं खुरटलेली निघाली, कुपोषणाच्या स्पष्ट खुणा. मोठ्यांनी पोटाला चिमटा काढला असेल नसेल, मुलांपर्यंत पुरलं नाही एवढं नक्की.

इतकी ओढाताण झाली तरी मुलांना दोन मडक्यांत घालून घरातच पुरायची पद्धत मात्र त्यांनी सोडली नाही, आणि इसवी सन पूर्व ७०० च्या सुमाराला गाव सोडून गेले. कुठे गेले यावर बरीच मतं आहेत, भटके मेंढपाळ झाले असावेत हे त्यातलं एक.

ज्यांना हे सगळं जवळून बघायचंय त्यांच्यासाठी, येरवड्याला डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाचं म्युझियम आहे आणि इनामगावच्या उत्खननातल्या वस्तू तिथेच आहेत. जायच्या आधी वेळ विचारून जा, आणि मुलांना नेणार असाल तर दफनांबद्दल घरीच थोडं सांगून ठेवा, नाहीतर तिथे उभं राहून प्रश्नांची उत्तरं देताना फजिती होते. कोकणातल्या कातळशिल्पांबद्दल दोघातिघांनी विचारलं होतं, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, ते प्रकरण यात कोंबण्यासारखं नाही.